दोन वर्षांनी हे उघडेल का?

छोटं वेब ॲप बनवायला बसलेला माणूस हल्ली पहिला आठवडा ॲप बनवत नाही, हत्यारं निवडतो. रिॲक्ट घ्यावं, व्ह्यू घ्यावं की स्वेल्ट? साधं जावास्क्रिप्ट पुरेल की टाइपस्क्रिप्टशिवाय भागणार नाही? सीएसएस हाताने लिहायचं की टेलविंड आणायचं? बिल्डला व्हीट ठीक आहे, पण मग लिंटर कोणता, टेस्ट कशात लिहायच्या, राउटर कुणाचा? यूट्यूबवर यातल्या प्रत्येक प्रश्नावर तासातासाचे व्हिडिओ आहेत आणि प्रत्येक जण आधीच्याचं खोडून काढतो. नमनालाच घडाभर तेल जातं. एवढं करून बनवायचं काय असतं, तर सोसायटीच्या वर्गणीचा हिशोब, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची नोंदणी, नाहीतर गावातल्या वाचनालयाची पुस्तकयादी.

या प्रश्नांना उत्तरं भरपूर आहेत, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी अडचणीवरची आहेत. मोठ्या कंपन्या काय वापरतात, सध्या काय चलतीत आहे, नोकरीच्या जाहिरातीत काय मागतात, यावरून छोट्या ॲपची हत्यारं ठरवू नयेत. त्याला एकच कसोटी लावावी: दोन वर्षांनी, नव्या लॅपटॉपवर, मधल्या काळात सगळं विसरून गेलेल्या माणसाला यातली एक ओळ अर्ध्या तासात बदलता येईल का? माझं म्हणणं एवढंच आहे. या कसोटीवर घासलं की बहुतेक निवडी आपोआप होतात, आणि त्या आजच्या रूढ निवडींपेक्षा बऱ्याच वेगळ्या निघतात.

मुळात छोटं ॲप छोटं कशाने? कोडच्या ओळी मोजून ते कळत नाही. त्याच्या वाट्याला माणसाचं लक्ष किती येतं, त्यावरून कळतं. मोठ्या उत्पादनामागे रोज सकाळी कुणीतरी बसतं. एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती आली की ते चढवतं, काही मोडलं की त्याच दिवशी दुरुस्त करतं. रोजच्या झाडलोटीत धूळ साचत नाही. वाचनालयाचं ॲप मात्र कुणा उत्साही सभासदाने तीन-चार रविवार घालून बनवलेलं असतं. त्यानंतर तो बंगळुरूला जातो किंवा त्याला मूल होतं, आणि दीड-दोन वर्षं त्या कोडकडे कुणी फिरकत नाही. मग एक दिवस वाचनालयाची वेळ बदलते, आणि पानावरची 'सायंकाळी ५ ते ८' ही ओळ 'सायंकाळी ४ ते ७' करायची असते. छोट्या ॲपची परीक्षा त्या दिवशी असते, ते पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी नव्हे.

त्या दिवशी काय होतं, ते जरा जवळून पाहू. समजा हे ॲप २०१९ मध्ये 'क्रिएट रिॲक्ट ॲप' वापरून उभारलं होतं. तेव्हा रिॲक्टच्या अधिकृत माहितीतच नवशिक्यांना हा मार्ग सांगितला जायचा, त्यामुळे निवडणाऱ्याचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. आता नव्या लॅपटॉपवर नवं नोड चढवलं, प्रकल्प उतरवला, पॅकेजेस मागवली. एक हजाराहून अधिक पॅकेजेस येतात. निम्म्या इशाऱ्यांकडे काणाडोळा करून सुरू करण्याची आज्ञा दिली, की पडद्यावर लाल अक्षरांत 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' अशी ओळ येते आणि सगळं थांबतं. वाचनालयाच्या वेळेशी या पाकिटांचा काय संबंध? संबंध असा: 'क्रिएट रिॲक्ट ॲप' पोटात फाइली बांधायला वेबपॅक वापरायचं, आणि त्या काळच्या वेबपॅक ४ मध्ये फाइलींची ओळख पटवण्यासाठी एमडी४ नावाची जुनी हॅश पद्धत वापरलेली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ ने आपल्या पोटातलं ओपनएसएसएल बदलून तिसरी आवृत्ती घेतली, आणि या तिसऱ्या आवृत्तीने एमडी४ ला असुरक्षित म्हणून नेहमीच्या वापरातून बाजूला काढलं होतं. ओपनएसएसएलवाल्यांनी केलं ते योग्यच. नोडवाल्यांनी नवी आवृत्ती घेतली, तेही योग्यच. वेबपॅकवाले तोवर पाचव्या आवृत्तीवर गेले होते. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, आणि इकडे एका गावातली वेळ बदलता येईना.

सर्व्हरवर चढवलेलं जुनं रूप या सगळ्यात सुखाने चालू असतं, एवढं खरं. वाचकाला काही मोडलेलं दिसत नाही. मोडलेली असते ती फक्त बदल करण्याची वाट. म्हणूनच हा दोष आधी कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आला की तातडीच्या कामाच्या दिवशीच येतो. इंटरनेटवर शोधलं तर एक पर्यायी सेटिंग सापडतं. ते लावलं की जुनी पद्धत तात्पुरती चालू होते आणि गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत जाते. 'क्रिएट रिॲक्ट ॲप' स्वतः २०१६ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या चमूने ते अधिकृतपणे मोडीत काढलं. त्याआधी गूगलच्या अँग्युलरजेएसचं तेच झालं. २०१० चं हे साधन, २०१६ मध्ये त्याच नावाने जवळजवळ संपूर्ण वेगळी दुसरी आवृत्ती आली, आणि २०२१ संपता संपता जुन्याचा आधार काढून घेतला गेला. मोठ्या कंपन्यांनी माणसं लावून आपापली स्थलांतरं उरकली. ज्यांच्याकडे लावायला माणसं नव्हती, त्यांचं ॲप होतं तिथेच राहिलं.

हजार पॅकेजेस म्हणजे हजार अनोळखी माणसांवर टाकलेला विश्वास, ही गोष्ट आता पुरेशी जगजाहीर आहे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने या पॅकेजेसचं भांडार असलेल्या एनपीएमशी झालेल्या वादातून आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज होतं. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्यावर बेबलसारखी साधनं उभी होती, आणि काही तास जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड पडले. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजची जबाबदारी मूळ लेखकाने कंटाळून एका उत्सुक अनोळखी माणसाकडे दिली आणि त्याने त्यात बिटकॉइनची पाकिटं चोरणारा कोड घुसवला. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' या, आठवड्याला कोट्यवधी वेळा उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजेसच्या सांभाळकर्त्याला खोटा ईमेल पाठवून त्याचं खातंच बळकावलं गेलं. यातली प्रत्येक घटना शेवटी निस्तरली गेली, कारण ती कुणाच्या तरी नजरेस आली. आपल्या वाचनालयाच्या ॲपवर नजर ठेवणारं कोण आहे?

आता दुसरी बाजू पाहा. ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक अलिखित शपथ घेतलेली आहे: जुनी वेब मोडायची नाही. ही शपथ किती कडक आहे, हे २०१८ च्या एका गमतीदार प्रकरणात दिसलं. जावास्क्रिप्टमध्ये याद्या सपाट करण्यासाठी 'फ्लॅटन' नावाची नवी सोय यायची होती. चाचणीत दिसलं की मूटूल्स नावाचं, २००० च्या दशकातलं एक पॅकेज याच नावाची स्वतःची सोय वापरतं, आणि नवी सोय आली तर त्याच्यावर चालणाऱ्या काही जुन्या साइट मोडतील. मूटूल्स तोवर जवळजवळ कुणी नव्याने वापरत नव्हतं. तरीही भाषेच्या समितीने माघार घेतली आणि सोयीचं नाव 'फ्लॅट' केलं. (वैतागून कुणीतरी तिला 'स्मूश' म्हणा असं थट्टेने सुचवलं होतं, ते प्रकरण त्याच नावाने ओळखलं जातं.) कुठल्यातरी विस्मृतीत गेलेल्या साइटसाठी सगळ्या जगाच्या प्रोग्रामरांनी आपलं नाव बदलून घेतलं. एनपीएमच्या जगात असं सौजन्य अपवादाने मिळतं. तिथे मोठी आवृत्ती आली की जुनं मोडणार, हे गृहीतच असतं.

या शपथेचं फळ समोर आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये लिहिलेलं वेबचं पहिलं पान २०१३ मध्ये सर्नने मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलं. ते आजच्या फोनवर जसंच्या तसं उघडतं. 'स्पेस जॅम' या १९९६ च्या चित्रपटाची साइट अजून चालते, तारांकित काळ्या पार्श्वभूमीसकट. फ्लॅशमधल्या साइट मात्र २०२० च्या अखेरीस गेल्या, कारण फ्लॅश वेबच्या मानकांपैकी कधीच नव्हतं. ते एका कंपनीचं जोडकाम होतं. मानकांतलंही क्वचित काही काढून टाकलं जातं, पण ते इतकं क्वचित, की बोटांवर मोजावं.

मग जो तो फ्रेमवर्कच का धरतो? त्याला इतिहास आहे, आणि तो मूर्खपणाचा इतिहास नाही. २००६ मध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी काढलं तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये एक आणि फायरफॉक्समध्ये दुसरं असा प्रकार होता. एक साधं बटण दोन्हीकडे सारखं चालवायचं तर दोनदा लिहावं लागे. सर्व्हरकडून माहिती मागवणं किचकट, पडदा मांडणं त्याहून किचकट. जेक्वेरीने, मग अँग्युलरने, मग २०१३ मध्ये फेसबुकच्या रिॲक्टने ती दरी भरली. पण मधल्या काळात दरीच बुजत आली. माहिती मागवायला फेच आलं, कोडचे तुकडे जोडायला मॉड्यूल आले. मार्च २०१७ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने प्रमुख ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आलं. उघडणारी-मिटणारी चौकट दाखवणारा 'डायलॉग' हा टॅग मार्च २०२२ पासून सगळीकडे चालतो. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररला निरोप दिला. आज एखादी चौकट उघडायला पॅकेज शोधणाऱ्याला काखेत कळसा आणि गावाला वळसा एवढंच म्हणता येईल. गरज संपली आणि सवय राहिली.

वाचनालयाचं उदाहरण पुढे नेतो, कारण छोट्या ॲपमध्ये अवघड काय असतं ते तिथे दिसतं. समजा आठ हजार पुस्तकं आहेत. वाचकाला घरबसल्या फोनवर पाहायचंय की हवं ते पुस्तक आहे का, आणि असलं तर कोणत्या कपाटात. ग्रंथपालांकडे दाखलनोंदवही असते आणि तिची एक्सेलमध्ये उतरवलेली यादी असते. प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, कपाट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. नाव आणि लेखक मिळून पंचेचाळीस चिन्हं धरली आणि बाकीचे आकडे मिळवले, तर एका पुस्तकाला साधारण एकशेसाठ बाइट लागतात. आठ हजार पुस्तकांचे तेरा लाखांच्या आत, म्हणजे सव्वा मेगाबाइटच्या आसपास. सर्व्हर ही फाइल दाबून पाठवतो तेव्हा ती आणखी बरीच आकसते. म्हणजे अख्खं वाचनालय व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या फोटोएवढं. डेटाबेस नको, सर्व्हरवरचा प्रोग्राम नको. यादी एकदाच फोनवर उतरवायची आणि तिथेच शोधायची. आठ हजार ओळी चाळायला स्वस्तातल्या फोनलाही पापणी लवण्याइतका वेळ लागत नाही.

यासाठी लागतात चार फाइली: एक एचटीएमएल, एक सीएसएस, एक जावास्क्रिप्ट आणि एक यादी. यादी स्वल्पविरामांनी तोडलेल्या सीएसव्हीऐवजी टॅबने तोडलेली घ्यावी, कारण पुस्तकांच्या नावांत स्वल्पविराम असतात आणि टॅब नसतो. गूगल शीट्समधून तशी फाइल थेट मिळते. ही फाइल दोन ओळींच्या कोडने वाचता येते, पॅकेज लागत नाही. फाँटही उतरवायला नको. बहुतेक अँड्रॉइड फोनांत नोटो देवनागरी, विंडोजवर निर्मला, ॲपलकडे कोहिनूर आधीच बसलेले असतात. फक्त ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवावं, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. अकारविल्हे लावायला ब्राउझरमध्येच मराठीची क्रमव्यवस्था आहे. तिला 'एमआर' एवढं सांगावं लागतं.

खरं काम शोधात आहे. 'वाऱ्यावरची वरात' घ्या. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. ग्रंथपालांनी एका तऱ्हेने लिहिलं आणि वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर पुस्तक कपाटात असून 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. लेखकाचं नाव यादीत कुठे 'पु. ल.', कुठे 'पु.ल.', आणि वाचक घाईत लिहितो 'पुल'. कुणी ऱ्हस्व लिहितो, कुणी दीर्घ. कुणी 'पंडित', कुणी 'पण्डित'. दाखल क्रमांक कुणी देवनागरी आकड्यांत टाकतो, आणि जावास्क्रिप्टला 'साठ' या आकड्याचं देवनागरी रूप संख्या म्हणून कळतच नाही. उपाय साधा आहे: यादी उतरली की प्रत्येक नावाची एक सपाट प्रत करून ठेवायची. तिच्यातून टिंबं, मोकळ्या जागा, अदृश्य चिन्हं आणि नुक्ते काढायचे, सगळ्या वेलांट्या आणि उकार एकाच मापाचे करायचे, अर्ध्या अनुनासिकांचे अनुस्वार करायचे, आकडे एका लिपीत आणायचे. वाचकाने लिहिलेल्या शब्दांचीही तशीच सपाट प्रत करायची आणि मग ताडून पाहायचं. पंधरा-वीस ओळींचं काम. मग 'पुल' शोधल्यावर पूलबांधणीचं एखादं पुस्तकही वर येतं. येऊ द्यावं.

यातली एकही अडचण रिॲक्ट सोडवत नाही, व्ह्यू सोडवत नाही, कुणीच सोडवत नाही. ती सोडवायला मराठी वाचक कसा टाइप करतो, हे माहीत असावं लागतं. आणि जो आठवडा हत्यारं निवडण्यात जातो, तो नेमका याच्या वाट्याचा असतो. कित्येक मराठी साइटांवरचा शोध आजही निकामी आहे, तो तंत्रज्ञान जुनं असल्यामुळे नव्हे. नव्या तंत्रज्ञानावर बांधलेल्या साइटांवरही तो तितकाच निकामी आहे. ज्या संस्थांच्या याद्या युनिकोडपूर्व काळातल्या डीटीपी फाँटमध्ये अडकल्या, त्यांनी हाच धडा वेगळ्या रीतीने घेतला: फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला. तेव्हाही निवड त्या दिवशीच्या सोयीने झाली होती.

माझ्या या मतावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप उथळ नाही. अनुभवी माणसं म्हणतात: फ्रेमवर्क नको म्हणणारा शेवटी स्वतःचंच एक फ्रेमवर्क लिहितो, तेही कच्चं, आणि त्याची माहिती त्याच्या एकट्याच्या डोक्याबाहेर कुठेही नसते. रिॲक्टचा कोड निदान दुसऱ्या कुणाला वाचता येतो. हे खरं आहे. मी असे प्रकल्प पाहिले आहेत, आणि ते सांभाळण्यापेक्षा जुनं अँग्युलर परवडलं. रिॲक्टचा आणखी एक गुण मुकाट मान्य करावा लागतो. पडद्यावर मजकूर टाकताना त्यात कुणी चोरटा कोड लपवला असेल तर रिॲक्ट तो आपोआप निष्प्रभ करतं. हाताने लिहिणाऱ्याला ही काळजी स्वतः घ्यावी लागते, आणि तो हमखास एका जागी विसरतो.

म्हणून सीमारेषा हवी. माझी अशी आहे: एक गोष्ट बदलली की पडद्यावर किती ठिकाणी बदल करावा लागतो, ते बघावं. वाचनालयाच्या शोधात शब्द बदलला की एक यादी बदलते. तिथे फ्रेमवर्कचं काय काम? पण रेल्वेच्या आरक्षणासारखा पडदा असेल, डबा बदलला की भाडं, जागा, प्रवाशांचे रकाने आणि खालचं बटण असं सगळंच हलत असेल, तर फ्रेमवर्क घ्यावं आणि घेतल्याची लाज बाळगू नये. अधलीमधली वाटही आहे. व्ह्यूची एक फाइल उतरवून आपल्याच फोल्डरमध्ये ठेवता येते, बिल्डशिवाय वापरता येते, आणि ती पुढे कुणी बदलत नाही. रिॲक्टचाही असा वापर एके काळी होत असे. डिसेंबर २०२४ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत त्या प्रकारची तयार फाइल देणंच बंद झालं. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणतं गिऱ्हाईक आहे, हे यावरून कळावं. टाइपस्क्रिप्टची शिस्त हवी असेल तर साध्या जावास्क्रिप्टवर टिपणांच्या रूपात प्रकार लिहून कोड-एडिटरकडून तपासून घेता येतात; स्वेल्टच्या चमूने २०२३ मध्ये स्वतःचा कोड याच पद्धतीवर नेला.

वजनाचा मुद्दा मी मुद्दाम काढत नाही. फ्रेमवर्क जड असतं म्हणून नको, हा युक्तिवाद लोकप्रिय आहे, पण रिॲक्टचा सगळा बोजा दाबल्यावर काही डझन किलोबाइटांचा. मुखपृष्ठाचा एक बेफिकीर फोटो त्याच्या कितीतरी पट. वजनावर लढणाऱ्याने आधी फोटो लहान करावेत.

दुसरा आक्षेप पुण्या-मुंबईत हटकून ऐकू येतो: हिंजवडीत मुलाखतीला गेलं की रिॲक्टच विचारतात, मग ते शिकायचं कुठे? शिकावं, जरूर शिकावं. पण शिकाऊ प्रकल्प आपल्या फोल्डरमध्ये ठेवावा. स्वतःच्या बायोडेटासाठी निवडलेलं तंत्रज्ञान एखाद्या संस्थेच्या गळ्यात बांधून नोकरीला निघून जाणं, याला समाजकार्य म्हणायला माझी जीभ वळत नाही. हल्ली एआयला ॲप बनवायला सांगितलं तर तो विचारल्याशिवाय रिॲक्ट आणि टेलविंडसह सगळा संसार मांडून देतो. लिहिण्याची किंमत त्याने जवळजवळ शून्यावर आणली, सांभाळण्याची आणली नाही. त्याला पहिल्याच वाक्यात सांगावं: बिल्ड नको, पॅकेज नको, साध्या तीन फाइली दे. तो तेही तितक्याच आज्ञाधारकपणे करतो.

साधेपणाच्याही अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. एचटीएमएलची फाइल नुसती डबल क्लिकने उघडली तर ब्राउझर सुरक्षेपायी शेजारची यादी वाचू देत नाही. लॅपटॉपवर छोटासा लोकल सर्व्हर चालवावा लागतो. बदललेली फाइल चढवली तरी वाचकाच्या फोनात जुनी साठलेली असू शकते, म्हणून फाइलीच्या नावामागे आवृत्तीचा आकडा हाताने वाढवावा लागतो. बिल्डची साधनं हे आपोआप करतात. पण या अडचणी दहा वर्षांपूर्वी होत्या तशाच आज आहेत, एकदा कळल्या की कायमच्या कळल्या. बदल्यात मिळतं ते असं: फाइली गिटहबवर ठेवल्या आणि त्याच्या पेजेस या मोफत सोयीवर साइट चालवली, तर 'सायंकाळी ५ ते ८' ही ओळ फोनवरच्या ब्राउझरमधूनसुद्धा बदलता येते. लॅपटॉप नको, नोड नको, काही चढवायला नको.

आणि छोटेपणाची हद्द कुठे संपते तेही ओळखायला हवं. जॉश वॉर्डलचं 'वर्डल' २०२१ मध्ये जगभर पसरलं तेव्हा ते पूर्णपणे ब्राउझरात चालत होतं. पुढच्या काही वर्षांची दोन हजार तीनशेहून अधिक उत्तरं जावास्क्रिप्टच्या फाइलीत उघडीच होती. खेळणाऱ्याची प्रगती त्याच्याच फोनात साठायची. जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते विकत घेतलं तेव्हा लोकांनी पान उतरवून घेतलं आणि घरीच खेळत राहिले. शब्द उघडे असल्याने कुणाचं बिघडलं नाही. पण वाचनालयाने उद्या म्हटलं की पुस्तक कुणाकडे गेलंय तेही दाखवा, सभासदांचे फोन क्रमांकही त्याच यादीत घाला, तर तिथे थांबावं. ब्राउझरात पोचलेली फाइल म्हणजे चौकात लावलेला फलक. पडद्यावर न दाखवल्याने ती गुप्त होत नाही. देवघेवीला सर्व्हर लागतो, लॉगिन लागतं, रोजचा बॅकअप लागतो, आणि मुख्य म्हणजे पगारी माणूस लागतो. तो नसेल तर देवघेव वहीतच राहू द्यावी. वही चांगली असते.

हे सगळं पाळूनही छोटी ॲप्स मरतात, आणि त्यांतली पुष्कळशी कोडमुळे मरत नाहीत. डोमेन उत्साही सभासदाच्या खासगी ईमेलवर घेतलेलं असतं. नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर जाते, कार्ड बदललेलं असतं, आणि एका सकाळी वाचनालयाच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसू लागते. तुमच्या वाचनालयाचं, मंडळाचं किंवा सोसायटीचं असं ॲप असेल, तर एक पानभर मराठीत लिहून ठेवा: फाइली कुठे आहेत, कोणती ओळ कुठे बदलायची, यादी कशी चढवायची, डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कोणत्या तारखेला संपतं. ते पान छापून दाखलनोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. आणि डोमेन व्यक्तीच्या नावावर असेल तर याच आठवड्यात संस्थेच्या नावावर करून घ्या.